चहा घेऊन नाही कसं म्हणावं

चाकूरच्या महादेवप्पांना नाही म्हणता येत नसे, आणि ही गोष्ट पंचक्रोशीत त्यांच्या भांड्यांच्या दुकानापेक्षा जास्त माहीत होती. चार वर्षं वापरून पोचे पाडलेलं पातेलं कुणी परत घेऊन आलं तरी ते ठेवून घ्यायचे. एकाच गल्लीतली दोन गणपती मंडळं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, पण दोघांच्याही वर्गणीच्या पावत्या महादेवप्पांच्या गल्ल्यात असायच्या. त्यांची बायको दानम्मा म्हणायची, यमदूत आले तरी हा माणूस त्यांना पाट टाकील आणि जेवूनच निघा म्हणेल. ती हे हसून म्हणत नसे.

एवढ्यावर भागलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात ही खोड एका परक्या मुलीच्या मुळावर आली.

महादेवप्पांची थोरली मुलगी महानंदा डॉक्टर झाली होती. डॉक्टर झालं की पुढं एखाद्या मोठ्या दवाखान्यात हाउस पोस्ट म्हणतात त्या जागेवर राबावं लागतं, त्याशिवाय कुठल्याही रोगातलं तज्ज्ञ होता येत नाही, हे आप्पांना आता पाठ झालं होतं. महानंदाला बायकांच्या दुखण्यातलं तज्ज्ञ व्हायचं होतं. तिनं दोन ठिकाणी अर्ज टाकले. एक नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आणि दुसरा लातूरला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या उत्साहात तिथं एका ट्रस्टनं चांगलं रुग्णालय काढलं होतं. दोन्हीकडे तिचं नाव लागलं. लातूर घरापासून तासाभराचं, म्हणून तिनं लातूर घेतलं आणि रुजूसुद्धा झाली.

राहिला नांदेडचा अर्ज. तो मागं घ्यायची एक रीत असते, ती तिला तिच्या सरांनी शिकवली होती. एक जागा पक्की झाली की दुसरी अडवून बसायचं नाही. लेखी कळवायचं, लवकर कळवायचं, कारण एका ओळीत सांगायचं आणि आभार मानायचे. आपण सोडलेल्या जागेकडं कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. महानंदाला तर ते कुणीतरी कोण हेही माहीत होतं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव होतं विशाखाचं. इंटर्नशिपचं वर्षभर दोघी एका खोलीत राहिल्या होत्या.

बारा मेला महानंदानं चार ओळींचं पत्र लिहिलं आणि ते रजिस्टर पोस्टानं पाठवायला निघाली. इथं आप्पा आडवे आले. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या पोरीला निवडलं, आणि त्याला पोस्टमनच्या हातून नकार धाडायचा? आपल्यात आलेलं स्थळ मोडायचं झालं तरी घरचा वडीलधारा स्वतः जातो, समोर बसतो, दोन शब्द गोड बोलतो आणि मग हात जोडतो. पत्रानं नकार देणं म्हणजे बेमुर्वतपणा. मी जातो, म्हणाले. महानंदा हो-ना करत होती, पण तिला दुसऱ्या दिवशी लातूरला ड्युटी होती. तिनं पत्र त्यांच्या हातात दिलं, आणि एकतीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे हे तीनदा बजावलं.

महादेवप्पा नांदेडला गेले ते नारळ, टॉवेल-टोपी आणि उदगीरचे पेढे घेऊन. विभागप्रमुख डॉक्टर रेणुकादास म्हणजे करडा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं मन प्रसन्न होतं. निवड झालेल्या मुलीचे वडील एवढ्या उन्हात भेटायला आलेत म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, चहा मागवला. महानंदाचं तोंड भरून कौतुक केलं. मुलाखतीत तिनं जी उत्तरं दिली तशी दहा वर्षांत कुणी दिली नव्हती म्हणे. महादेवप्पांनी चहाचा घोट घेतला आणि तिथंच सगळं बिघडलं. ज्याचा चहा आपल्या पोटात गेला, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? हात दोनदा बंडीच्या आतल्या खिशाकडं गेला आणि दोनदा परत आला. तेवढ्यात डॉक्टरांनी टोपी घालून घेतली, नारळ टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मग येतेय ना मुलगी?"

"येईल की," महादेवप्पा म्हणाले. "येईल, येईल."

परतीच्या एसटीत पत्र तसंच बंडीच्या खिशात होतं. पण लातूरहून सुटीला आलेल्या लेकीनं काम झालं का म्हणून विचारलं, तेव्हा तिलाही ते झालं म्हणाले. लेकीला तरी नाही कसं म्हणणार! मनात होतं की उद्या गुपचूप पोस्टात टाकू. पण उद्या टाकलं तर डॉक्टर म्हणणार, हा म्हातारा माझ्यासमोर बसून खोटं बोलला. मग परवा टाकू असं ठरलं. परवा टँकर आला आणि प्लास्टिकच्या घागरींसाठी दुकानात झुंबड उडाली. असं करता करता अठरा दिवस गेले. बंडी दोनदा धुतली गेली. दोन्ही वेळा त्यांनी पत्र स्वतः काढून घेतलं आणि वाळलेल्या बंडीत परत ठेवलं. अर्ज मागं घेतला नाही म्हणून फार तर काय होईल, आपोआप रद्द होईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

एकतीस मे, शनिवार. सकाळी साडेदहाला दुकानापुढं एक सडपातळ मुलगी येऊन उभी राहिली. केस धुळीनं पांढरे झाले होते, हातात कापडी पिशवी. महादेवप्पांनी तिला एकदा महानंदाच्या खोलीवर पाहिलं होतं. ती विशाखा होती.

घरात पाणी पिऊन झाल्यावरही ती बराच वेळ पाऊसपाण्याचंच बोलत राहिली. तिला जे विचारायचं होतं ते विचारणं तिच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. तिचे वडील माधवराव निवृत्त शाळामास्तर. दुसऱ्याला मिळालेली जागा सोड म्हणून सांगायचं नसतं, असं म्हणून त्यांनी तिला पत्रसुद्धा लिहू दिलं नव्हतं. आज पहाटे त्यांना न सांगता ती नांदेडहून सहाची गाडी धरून निघाली होती. शेवटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "काका, महानंदा नांदेडला येणार आहे का? येणार असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. पण ती लातूरला रुजू झाली असं ऐकलं. मी रोज ऑफिसात विचारते, तर ते म्हणतात तिचे वडील स्वतः येऊन शब्द देऊन गेलेत. आज पाचपर्यंत तिनं लेखी सोडली तरच मला मिळेल. नाहीतर जागा तशीच रिकामी राहते."

महादेवप्पांनी बंडीवर हात दाबला. रिकामी राहते. म्हणजे आपोआप काही होत नव्हतं. खिशातलं पत्र त्यांना छातीशी निखाऱ्यासारखं लागलं.

आता तरी खरं सांगावं की नाही? पण समोर लेकीच्या वयाची पोर, उन्हानं करपलेली. ते म्हणाले, "तिनं पत्र देल्लंय की माझ्यापाशी. म्या आजच निघून राहिलो होतो नांदेडला."

विशाखाचा चेहरा असा उजळला की त्यांना बघवेना. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं, महानंदा असं करणारच नाही. तिच्याबद्दल मनात नको नको ते आलं, याची मला लाज वाटते.

साडेअकराची गाडी होती. ती मिळाली असती तर तीनपर्यंत नांदेड गाठता आलं असतं. पण दानम्मानं पिठलं टाकलं होतं. लेकीची मैत्रीण पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आलेली, तिला उपाशी धाडलं तर शिव काय म्हणेल? महादेवप्पांना बायकोला नाही म्हणता आलं नाही आणि विशाखाला दानम्माला. दोघं घड्याळाकडं बघत भाकरीचे घास गिळत राहिले. ते हात धूत होते तेव्हा साडेअकराची गाडी चौकातून हॉर्न वाजवत गेली. मधल्या वेळात त्यांनी पोस्टात जाऊन नांदेडचा ट्रंककॉल लावून पाहिला. लाईन लागेल तेव्हा लागेल, असं उत्तर आलं. पुढची गाडी एकला होती, ती सव्वाला आली.

गाडीत विशाखा मोकळी झाली आणि बोलू लागली, आणि तिचं प्रत्येक वाक्य महादेवप्पांना सोलून काढत होतं. तिनं अर्ज एकाच ठिकाणी केला होता, नांदेडलाच. इंटर्नशिप संपता संपता आईच्या अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू कायमची पडलेली. तिचं सगळं विशाखालाच करावं लागायचं, त्यामुळं गाव सोडणं शक्य नव्हतं. दोनदा जागा थोडक्यात हुकली. इंटर्नशिप संपून दीड वर्षाच्या आत जागा मिळाली तरच घेतात, आणि तिचं दीड वर्ष जूनमध्ये संपत होतं. म्हणजे ही शेवटचीच संधी. नाही मिळाली तर मग दारावर पाटी लावून सर्दी-तापाचं औषध द्यायचं जन्मभर, असं ती हसून म्हणाली. आज तिला हसता येत होतं, कारण पत्र काकांच्या खिशात होतं.

महादेवप्पांनी अहमदपूर गेल्यावर सांगायचं ठरवलं. अहमदपूर गेलं. त्यांनी घसा साफ केला. "पोरी," ते म्हणाले, "तहान लागली का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला किती सहज जमत होतं ते.

माळाकोळीच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं ट्रकांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी रस्त्यावर बायका बसलेल्या. आठ दिवस टँकर आला नव्हता. टँकर दिसेपर्यंत चाक हलू द्यायचं नाही, असा त्यांचा निर्धार होता. रस्ताभर घागरी मांडल्या होत्या. त्यांतल्या लाल प्लास्टिकच्या कितीतरी आपल्याच दुकानासारख्या आहेत, हे महादेवप्पांच्या लक्षात आलं. ते उतरून पुढं गेले आणि दवाखान्यात पोचायचंय म्हणून हात जोडले. त्या बायकांची पुढारीण केवळाबाई म्हणून एक उंचपुरी बाई होती. ती म्हणाली, दवाखान्याची गाडी आम्ही अडवत नाही. पेशंट कोण हाय ते दाखवा.

गाडीत बसलेली विशाखा इतकी फिकी दिसत होती की तिच्याकडं नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण अठरा दिवस खोटं बोलून महादेवप्पांचा जीव विटला होता. त्यांच्या तोंडून नेमकं तिथं खरं बाहेर पडलं.

"पेशंट न्हाई, बाई. कागद हाय."

बायका हसल्या. केवळाबाईनं त्यांना सांगितलं की आमचेबी कागद कलेक्टराकडं आठ दिस पडून हायेत, बसा आमच्यासंगं. तिचंही काही खोटं नव्हतं. टँकर आला तेव्हा चार वाजायला आले होते. विशाखानं त्यानंतर एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. ती डोळे मिटून बसली आणि तिचे ओठ हलत होते. बहुतेक माहूरच्या रेणुकेला हाक मारत असावी.

रिक्षातून उतरून दोघं दवाखान्याचा जिना पळत चढले. महादेवप्पांचं धोतर पायात येत होतं, टोपी कुठं पडली तेही कळलं नाही. व्हरांड्यातल्या घड्याळात पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

डॉक्टर रेणुकादास ड्रॉवरला कुलूप लावत होते. त्यांनी वर पाहिलं, ओळखीचं हसले, आणि सवयीनं शिपायाला चहा सांगायला हात उचलला. महादेवप्पांनी पत्र टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं. मग वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचली.

"बारा मे," ते म्हणाले. "आज एकतीस. इतके दिवस हे पत्र कुठं होतं?"

पोस्टाचं नाव घेता आलं असतं. पोरीनं उशिरा दिलं म्हणता आलं असतं. विशाखा शेजारीच उभी होती, आणि तिलाही हाच प्रश्न पडलेला तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"माझ्या बंडीत," महादेवप्पा म्हणाले.

डॉक्टर परत खुर्चीत बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पाचच्या ठोक्याला यादी बंद होऊन वर गेली, आता ती त्यांच्याही हातात नाही. ही जागा सहा महिने रिकामी राहणार, आणि बाळंतिणींच्या वॉर्डात एक डॉक्टर कमी पडणार. या मुलीला त्यांनी अकरा वेळा दारातून परत पाठवलं होतं, ते तुमच्या शब्दावर. मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि उघडून महादेवप्पांपुढं ठेवली. आत चार-चार ओळींची पत्रं होती. दुसरीकडे जागा मिळाल्यामुळं अर्ज मागे घेत आहे, आभारी आहे. दर वर्षी वीस-पंचवीस येतात, ते म्हणाले. मला एकाचाही राग आलेला नाही. नाही म्हणायला तुम्हाला इथं यायचीसुद्धा गरज नव्हती.

महादेवप्पा त्या फाईलकडं बघत राहिले. ज्या गोष्टीला ते अठरा दिवस भ्याले होते, ती इथं भोक पाडून दोऱ्यात ओवून ठेवलेली होती.

विशाखा पुढं होऊन जिना उतरली. फाटकाशी आल्यावर महादेवप्पांना राहवेना. "पोरी, काईतरी बोल. शिव्या दे मला."

"असू द्या, काका," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तुमची गाडी सातला आहे. घर जवळच आहे, चहा घेऊन जा."

त्यांचा जीव तिथून पळून जायला बघत होता. पण घरी चला म्हणणाऱ्याला ते नाही म्हणू शकले नाहीत. मेलं तरी माणसाची खोड जात नाही ती ही अशी. ते तिच्या मागं मागं चालत गेले.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खाटेवर चंद्रप्रभाबाई भिंतीकडं तोंड करून निजलेल्या होत्या. माधवराव दारातच उभे होते. लेक सकाळपासून बेपत्ता, पण त्यांनी पाहुण्यासमोर तिला एक शब्द विचारला नाही. तिनंच सांगितलं की चाकूरला गेले होते, काका पत्र घेऊन आले, वाटेत रस्ता अडवला होता, उशीर झाला. एवढंच सांगून ती आत गेली. माधवरावांचा चेहरा हळूहळू उतरला. तरी त्यांनी स्वतःच्या हातानं सतरंजी झटकून अंथरली, आणि एवढ्या उन्हातान्हाचं आमच्यासाठी आलात म्हणून महादेवप्पांचे आभार मानले.

विशाखानं चहा आणून ठेवला. नांदेडात तेव्हा नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं. तरी कप काठोकाठ भरलेला होता.

"तुमच्या मुलीवर आमचा राग नाही हो," माधवराव म्हणाले. "तरुण वय आहे. दोन्ही जागा हातात ठेवाव्यात असं वाटलं असेल शेवटपर्यंत. तिनं आज का होईना, पत्र दिलं. घ्या, चहा घ्या."

महादेवप्पांनी वर पाहिलं. विशाखा मधल्या दारात ताट धरून उभी होती. तिला सगळं माहीत होतं आणि ती सांगणार नव्हती. पाहुण्याचा अपमान नको म्हणून ती गप्प बसणार, आणि या घरात जन्मभर महानंदाचं नाव दोन जागा अडवणारी पोरगी म्हणून निघणार. जिनं चार ओळी वेळेवर लिहिल्या, तिच्या माथी हे येणार.

त्यांनी कप पुढं सरकवला.

"मास्तर, चहा नको. आधी ऐका माझं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पत्राची तारीख सांगितली, पेढे आणि टॉवेल-टोपी सांगितली. येईल की येईल म्हणाल्याचं सांगितलं. धुवायच्या बंडीतून पत्र काढून परत ठेवल्याचं सांगितलं, आणि हातात साडेअकराची गाडी असताना भाकरी खात बसल्याचंही सांगितलं. सांगताना ते रडत होते, पण मध्ये थांबले नाहीत. माझ्या पोरीचा यात काही कसूर न्हाई, हे दोनदा म्हणाले.

खाटेवरून चंद्रप्रभाबाईंनी मान वळवली होती. माधवराव उठले, महादेवप्पांच्या पुढचा भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेले. आतून मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला. परत बाहेर ते आले नाहीत.

महादेवप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं तोंडावर नाही म्हटलं होतं. त्यांनी चपला घातल्या. विशाखा दारापर्यंत आली. सातची गाडी आहे, काका, एवढंच म्हणाली, आणि पुन्हा या म्हणाली नाही.

गाडीला गर्दी नव्हती. कंडक्टर वर्षानुवर्षं त्याच वाटेवरचा होता. त्यानं न विचारताच तिकिटाला चिमटा लावला.

"चाकूरच ना, आप्पा?"

"न्हाई," महादेवप्पा म्हणाले. "लातूर दे. पोरीला भेटायचंय."